पार्सनिप बियांपासून: एका वाफ्याच्या नोंदी

२ ऑक्टोबर
पार्सनिप म्हणजे गाजराच्या कुळातली, पांढऱ्या मुळाची भाजी. तिच्या बियांच्या पाकिटावर जातीचं नाव आणि चित्र नंतर बघायचं, आधी बी कोणत्या वर्षाचं आहे ते बघायचं. गाजराचं बी नीट ठेवलं तर दोन-तीन वर्षं सहज चालतं, टोमॅटोचं त्याहून जास्त. पार्सनिपचं बी पहिलं वर्ष चांगलं उगवतं, दुसऱ्या वर्षी उगवण झपाट्याने घसरते आणि तिसऱ्या वर्षी त्याच्या भरवशावर वाफा अडकवून ठेवण्यात अर्थ नसतो. हे पीक उगवतच नाही म्हणून सोडून देणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या हाती जुनं बी पडलेलं असतं, असा माझा दाट संशय आहे.

यंदाचं पाकीट ताजं, ‘हॉलो क्राउन’ जातीचं. लांब, खाली निमुळतं होत जाणारं मूळ, डोक्यावर खळगा. जुनी, सरळमार्गी जात. डब्यात गेल्या हंगामाचं अर्धं पाकीटही पडून आहे. फेकण्याआधी दोन्ही शेजारी शेजारी तपासायची.

बी चिमटीत धरून उजेडात बघितलं. गोलसर, चपटं, पिवळट तपकिरी, कडेला पातळ पापुद्रा. पाठीवर चार गडद रेघा वरून खाली आलेल्या. या तेलाच्या नळ्या. बी चुरडलं की जो उग्र, गोडसर वास येतो तो यातलाच. खरं तर हे अर्धं फळ. वाळल्यावर फळाचे दोन भाग सुटे होतात आणि एकेक भाग आपण बी म्हणून पेरतो. धणे, बडीशेप, शेपू, गाजर यांचं हेच कूळ. बी इतकं हलकं की श्वासानेही तळहातावरून उडतं, त्यामुळे वाऱ्याच्या दिवशी पेरायला बसायचं नाही.

३ ऑक्टोबर
उगवण तपासायला दोन झाकणाचे डबे. तळाशी टिशू पेपरच्या दोन घड्या, पाणी घालून निथळलेल्या. त्यावर बिया एकमेकींना न चिकटता, वरून आणखी एक ओला कागद. झाकण लावलं, पण रोज एकदा उघडून हवा द्यायची. कागद दाबला तर बोटाला ओल लागावी, पाणी साचू नये. पाणी साचलं की बी कुजतं आणि आपण बियाण्याला नावं ठेवतो.

डबे घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात, जमिनीवर. तिथे दिवसा २२-२३ अंश, रात्री त्याहून कमी. बाहेर दुपारी ३१ जातंय.

७ ऑक्टोबर
दोन दिवस वाफ्यात गेले. जागा खोदून जवळपास ४५ सेंटीमीटरपर्यंत मोकळी केली, ढेकळं फोडली आणि वरची माती चाळणीतून काढली. खडे बरेच निघाले. सोटमूळ सरळ खाली जाताना वाटेत खडा आला की त्याला फाटे फुटतात. टणक थर लागला तर ते बाजूला वळतं. ताजं शेणखत अजिबात नाही, त्यानेही फाटे फुटतात आणि पाला नुसता माजतो. या जागी मागच्या पिकाला भरपूर कुजलेलं खत दिलं होतं, तेवढं पुरे. माती जरा चिकट आहे म्हणून धुतलेली जाडी वाळू मिसळली.

वाफ्यात तीन ओळी, दोन ओळींत ३० सेंटीमीटर अंतर.

ओळ १: मोड आणलेलं बी टोकायचं.
ओळ २: कोरडं बी थेट मातीत.
ओळ ३: पुठ्ठ्याच्या नळ्यांत रोपं करून नळीसकट लावायची.

शिवाय वाफ्याच्या टोकाला पहारीने चार खोल भोकं पाडली. पहार आत घालून गोल फिरवली की वर रुंद, खाली निमुळतं भोक होतं. त्यात चाळलेली माती, वाळू आणि कुजलेलं पालापाचोळ्याचं खत असं मिश्रण भरलं. प्रदर्शनात लांबलचक मुळं मांडणारे लोक अशीच वाढवतात, फक्त त्यांची भोकं माझ्या कमरेपेक्षा खोल असतात. आपल्याला प्रदर्शन नको, पण फरक किती पडतो ते बघायचंय.

१४ ऑक्टोबर
डब्यात काहीच नाही. बिया फुगल्यात, बस्स.

हे अपेक्षितच होतं. या कुळातल्या बियांत गर्भ फारच लहान असतो. बी ओलं झाल्यावर तो आधी आतल्या आत, साठवलेल्या अन्नावर वाढतो आणि मगच मूळ बाहेर डोकावतं. मुळ्याच्या बियात रोप तयार होऊन घडी घालून बसलेलं असतं, म्हणून तो तीन-चार दिवसांत वर येतो. पार्सनिपला आधी आतलं काम उरकावं लागतं.

हे काम किती वेळ चालणार ते तापमानावर. मातीचं तापमान ५ अंश असेल तर रोप दिसायला सुमारे ५७ दिवस, १० अंशाला २७, १५ ला १९, २० ला १४, २५ ला १५. ३० अंशाला मात्र पुन्हा ३२ दिवस आणि ३५ ला काहीच नाही. म्हणजे थंडीत हे बी सावकाश उगवतं, आणि उन्हात तापलेल्या मातीतही. ‘फेब्रुवारीत पेरा’ किंवा ‘ऑक्टोबरमध्ये पेरा’ या सल्ल्यापेक्षा मातीत बोटभर खोल खुपसलेला थर्मामीटर जास्त कामाचा. माझ्या वाफ्यात दुपारी तीनला वरच्या थराचं तापमान २९ भरलं. डबा थंड कोपऱ्यात ठेवण्याचं कारण हेच.

१७ ऑक्टोबर
ताज्या पाकिटाच्या डब्यात पहिले मोड. बियाच्या टोकाला चिरून पांढरं टोक बाहेर आलंय, जेमतेम दोन मिलिमीटर. भिंगातून बघितलं तर टोकाच्या मागे बारीक लव दिसते. पहिल्या नजरेला बुरशीच वाटते. पण बुरशी कागदावरही पसरते आणि तिला कुबट वास येतो. ही लव फक्त मुळावर, आणि पाण्याचा फवारा मारला की चिकटून बसते. मुळाचे केस आहेत ते. डबा फेकायचा नाही.

जुन्या पाकिटाच्या डब्यात सामसूम.

२० ऑक्टोबर
आज ओळ १ टोकली. मोड पाच मिलिमीटरच्या आत असतानाच टोकायचं. त्याहून लांब झाला की टोक मोडतं, आणि टोक मोडलं म्हणजे सोटमूळच गेलं. वर पाला दिसेल, पण खाली फाटक्या मुळांचा पुंजका मिळेल.

पद्धत अशी: संध्याकाळी, वाफसा असताना, ओळीत दीड सेंटीमीटर खोल चर. चरात आधी पाणी, ते जिरल्यावर दर १२ सेंटीमीटरला दोन-तीन मोडाच्या बिया ओल्या रंगकामाच्या ब्रशने उचलून ठेवल्या. चिमट्याने मोड चेपला जातो. ब्रशला बी आपोआप चिकटतं आणि ओल्या मातीला टेकवलं की सुटतं. वरून चाळलेलं गांडूळखत आणि कोकोपीट, माती नाही. का नाही ते पाऊस आला की कळेल.

मक्याच्या पिठाची पातळ खळ शिजवून, ती पूर्ण गार झाल्यावर त्यात मोडाच्या बिया ढवळायच्या आणि पिशवीचा कोपरा कापून चरात पिळायच्या, अशीही एक रीत आहे. ओळ लांब असेल तर ती सोयीची. माझ्या एवढ्याशा वाफ्याला ब्रश बरा.

ओळ २ मध्ये कोरडं बी, जरा दाट. मधेमधे मुळ्याचं बी टाकलं. मुळा चार दिवसांत वर येऊन ओळ कुठे आहे ते दाखवतो, त्यामुळे खुरपणी करता येते. आणि पार्सनिपला जागा लागेपर्यंत तो काढून खाऊनही होतो. ओळ ३ च्या नळ्या सावलीत भरून ठेवल्या.

२३ ऑक्टोबर
काल रात्री अवेळी पावसाची जोरदार सर. सकाळी ऊन. दुपारपर्यंत ओळ २ वर मातीचा कडक पापुद्रा, बोटाने टकटक केलं तर आवाज येतो. पार्सनिपच्या कोंबात असा थर फोडायची ताकद नसते. घेवडा किंवा मका असता तर त्याने ढेकूळ उचलून फेकलं असतं. ओळ १ वर गांडूळखत-कोकोपीट होतं, ते भुसभुशीतच आहे.

ओळ २ वर झारीने हलकं पाणी देऊन पापुद्रा मऊ केला आणि ओलं गोणपाट अंथरलं. आता रोज सकाळी गोणपाट उचलून बघायचं, कोंब दिसला की त्याच दिवशी काढायचं. एक दिवसाचा आळस झाला तर कोंब गोणपाटाच्या विणीतून वर येतात आणि गोणपाट काढताना उपटून निघतात.

२९ ऑक्टोबर
ओळ १ उगवली! पेरल्यापासून नवव्या दिवशी, पण डब्यातले दिवस धरले तर बियाला वेळ तेवढाच लागला. फरक इतकाच की तो वेळ बियाने तापल्या, टणक मातीत, मुंग्यांच्या तोंडी आणि पावसाच्या माऱ्यात घालवला नाही.

बीजपत्रं लांब, अरुंद, गवताच्या पात्यासारखी, पण दोन, समोरासमोर. नवख्या माणसाचं खुरपं इथेच चुकून चालतं. खरं पान आल्याशिवाय ओळीत हात घालायचा नाही. 

अंतिम हिशेब डब्यांचा: ताजं बी साधारण तीनास दोन उगवलं. जुन्यातून दोन-चार अशक्त मोड, तेही आत्ता. जुनं पाकीट कंपोस्टमध्ये. ताज्या, चांगल्या बियाचीही उगवण याच्या फार वर जात नाही, म्हणून एका जागी दोन-तीन बिया.

८ नोव्हेंबर
ओळ १ ला पहिलं खरं पान: एकच, गोलसर, कडेला दातेरी. पंखासारखी विभागलेली पानं नंतर येतात. ओळ २ मध्ये आत्ता कुठे तुरळक कोंब, मुळ्यांच्या सावलीत. मोठी मोकळी जागा पापुद्र्याची.

नळ्यांमध्ये मोडाचंच बी लावलं होतं, तिथली रोपं दिसायला सगळ्यात देखणी.

९ नोव्हेंबर
नळ्या नळीसकट ओळ ३ मध्ये गाडल्या. एक मुद्दाम चिरून बघितली. वर पान जेमतेम नखाएवढं आणि खाली मूळ दहा सेंटीमीटरची नळी ओलांडून तळाच्या पुठ्ठ्यावर वळलेलं! लांब नळी घ्यावी आणि मूळ तळाला पोहोचायच्या आत, म्हणजे बीजपत्रं उघडता उघडताच, लावावी. पुस्तकात सांगतात तसं ‘रोप चांगलं वाढल्यावर’ थांबलं की खेळ संपला. मुळात सोटमुळाच्या पिकाचं रोप करणं हा हट्टच आहे. जिथे गोगलगायी बीजपत्रं शिल्लक ठेवत नाहीत तिथे नळ्या वापराव्यात, एरवी नाही.

१९ नोव्हेंबर
विरळणी. एका जागी एकच, जोमदार रोप ठेवलं. बाकीची उपटली नाहीत, छोट्या कात्रीने मातीलगत कापली. उपटताना शेजारच्याचं मूळ हलतं.

ओळ २ मध्ये नांग्या भरल्या. रोपं उचलून नाही, डब्यात नवीन मोड आणून. महिनाभर मागे राहतील, राहोत. अंतराचं गणित सोपं: १२-१५ सेंटीमीटर ठेवलं तर मुळं मोठी, ८ ठेवलं तर लहान आणि कोवळी. मी लहान मुळांच्या बाजूचा आहे, मोठ्यांचा मधला गाभा लाकडासारखा निघण्याची भीती असते. तरी पहिल्या ओळीत १२ च ठेवलं, तुलनेसाठी.

६ डिसेंबर
रात्री आता १२ अंशांवर आल्यात, पीक एकदम अंग धरतंय. लिहिण्यासारखं फार नाही. पाणी आठवड्यातून एकदा, पण खोलवर. रोज वरवर शिंपडलं तर मुळं वरच रेंगाळतात. आणि दोन पाण्यांत माती पार कोरडी पडू द्यायची नाही. सुकलेल्या मातीत एकदम भरपूर पाणी दिलं की मूळ तडकतं आणि त्या चिरेतून रोग शिरतो.

काही पानांवर फिकट तपकिरी चट्टे. पान उजेडाकडे धरलं तर दोन पापुद्र्यांच्या मध्ये हिरवट अळी सरकताना दिसली. नागअळी. तेवढी पानं बोटांनी जागच्या जागी चिरडली. गाजरमाशीसाठी बारीक विणीची जाळी पहिल्यापासून वाफ्यावर आहेच. ती माशी जमिनीलगत उडते, जाळीच्या कडा मातीत दाबलेल्या हव्यात.

२१ डिसेंबर
हे ठळक लिहून ठेवतो. पार्सनिपच्या पाल्याचा आणि देठांचा रस उघड्या कातडीवर लागू द्यायचा नाही. रसात फ्युरानोकुमरिन गटातली द्रव्यं असतात. रस कातडीवर असताना ऊन लागलं की भाजल्यासारखी लाली येते, फोड उठतात. तेही लगेच नाही, एक-दोन दिवसांनी, त्यामुळे कारण लक्षात येत नाही. फोड गेल्यावर काळसर डाग बरेच दिवस, कधी महिनोन्महिने, राहतात. ही ॲलर्जी नव्हे. रस आणि ऊन दोन्ही मिळाले तर कोणालाही होऊ शकतं. मूळ खायला काही भीती नाही, काळजी पाल्याची.

म्हणून: पूर्ण बाह्या, हातमोजे, काम संध्याकाळी. रस लागलाच तर लगेच साबणाने धुवायचं आणि ती जागा एक-दोन दिवस झाकून ठेवायची. पानं ओली असताना ओळीत घुसायचं नाही. पोरांना देठांच्या नळ्या करून खेळू द्यायचं नाही.

१० जानेवारी
मुळांचे खांदे मातीवर दिसायला लागले. भर लावली, डोकी झाकून टाकली. उघड्या खांद्यावर चिरा पडतात, तिथून कँकर हा कुजीचा रोग शिरतो: आधी नारिंगी-तपकिरी खरबरीत डाग, मग काळी कूज. यावर फवारणीचा उपयोग नाही. निचरा, भर, मुळाला जखम न होऊ देणं आणि जात, एवढंच आपल्या हातात. ‘हॉलो क्राउन’च्या डोक्यावरच्या खळग्यात पाणी साचतं, हा तिचा दोष मान्य. ‘ॲव्हनरेझिस्टर’ ही आखूड मुळांची जात कँकरला सहसा दाद देत नाही. चिकट मातीवाल्यांनी तिचाच विचार करावा.

जातींचा विषय निघालाच आहे तर: इंग्लंडमध्ये सायरन्सेस्टरच्या कृषी महाविद्यालयात जेम्स बकमन यांनी १८४७ च्या सुमारास रानटी पार्सनिपचं बी गोळा केलं आणि पिढ्यान् पिढ्या जाड, सरळ मुळांची निवड करत ‘द स्टुडंट’ ही जात तयार केली. काटकुळ्या, फाटे फुटलेल्या रानमुळापासून भाजीजोगं मूळ थोड्याच पिढ्यांत मिळालं. याचा दुसरा अर्थ असा की घरी बी धरताना निवड ढिली पडली तर उलटा प्रवासही तितकाच जवळचा.

३१ जानेवारी
ओळ १ मधलं एक मूळ नमुन्याला काढलं. ओढून येत नाही, टोक मोडतं. शेजारी काटेफावडं सरळ खोल घालून माती मागे रेटायची, मग देठांच्या बुडाशी धरून उचलायचं. २० सेंटीमीटर, सरळ, पांढरं, अंगावर आडव्या बारीक सुरकुत्या. कच्चं चावून बघितलं. वास छान, चव पिठूळ. अजून साखर नाही.

२२ फेब्रुवारी
दुपारी तापायला लागलंय, पाला पिवळा पडतोय. सगळा वाफा काढला.

ओळ १: जवळजवळ सगळी सरळ, मनगटापेक्षा जरा बारीक. दोन-तीन डोक्याशी तडकलेली.
ओळ २: वाचलेली पहिल्या उगवणीची मुळं आकाराने ओळ १ इतकीच. नांग्यांची बोटाएवढी. म्हणजे कोरडं बी टोकण्यात मुळाला तोटा नाही, तोटा मोकळ्या राहिलेल्या जागेचा.
ओळ ३: निम्म्याहून जास्त मुळं नळीच्या तळाशी दुभंगलेली. चवीला फरक नाही, सोलताना हाल.
पहारीची भोकं: सगळ्यात लांब, ३५ च्या पुढे, टोकं मोडलीच. मेहनत बघता एवढ्या लांबीचं काय करायचं हा प्रश्न.

मूळ थंडीत गोड होतं, कारण थंडीत त्यातल्या पिष्टाची साखर बनते. जिथे हिमतुषार पडतात तिथे ते जमिनीतच ठेवतात आणि लागेल तसं काढतात. इथे थंडी तेवढी पडली नाही, म्हणून पाला कापून, मुळं न धुता, ओलसर वाळूच्या डब्यांत भरून फ्रिजच्या तळाला. शून्य-एक अंशाला दोन आठवड्यांत गोडी उतरते. घरचा फ्रिज ४ अंशांवर असतो, जास्त वेळ देऊ. सफरचंदं वरच्या कप्प्यातूनही हलवली, त्यांच्या इथिलीन वायूने मुळांत कडवटपणा येतो.

१८ मार्च
पहिला डबा उघडला. कातडी किंचित मऊ, मूळ अजून टणक. जानेवारीतल्या नमुन्याची चव तोंडात असल्यामुळे फरक ओळखायला त्रास पडला नाही: गोड, स्पष्ट गोड, मागे जायफळाच्या वळणाचा वास. थोडं तेल लावून भाजली तर कडा पटकन करपतात, साखर वर आल्याची खूण. आच मंद हवी. जाड मुळांचा गाभा काढून टाकावा लागला, बारीक मुळांचा नाही. पुढच्या वेळी सगळ्या ओळी ८ सेंटीमीटरवर.

बी धरायचा विचार होता. दुसऱ्या वर्षी याला माणसाएवढा दांडा येऊन पिवळ्या फुलांच्या छत्र्या धरतात, आणि मधल्या, पहिल्या छत्रीचं बी सगळ्यात टपोरं असतं. पण त्यासाठी मूळ बरेच आठवडे थंडीत राहायला हवं आणि नंतर भर उन्हाळ्यात ते जगवायचं. शिवाय परागीभवन कीटकांकडून होत असल्याने दोन-तीन झाडांवर भागत नाही, चांगली डझनभर तरी लागतात. एवढी जागा नाही. बी विकतच.

तडकलेली आणि डागाळलेली मुळं कंपोस्टमध्ये घातली नाहीत, वेगळी काढून कचऱ्यात. या वाफ्यात आता तीन वर्षं गाजर, शेपू, कोथिंबीर, ओवा यांपैकी काही नाही. पुढच्या आठवड्यात चवळी टोकायची आहे.